रत्नागिरी जिल्हा : खोत, कूळ आणि चाकरमानी

रत्नागिरी जिल्ह्याचें नांव काढिलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें हापूस आंबा उभा राहतो. त्यामागून समुद्र, नारळी-पोफळीचीं आगरें आणि लोकमान्य टिळकांचें जन्मघर. हीं सारीं चित्रें खरीं आहेत. परंतु गेल्या दीड-पावणेदोन शतकांत या जिल्ह्यानें सर्वांत अधिक जें बाहेर धाडलें तें म्हणजे माणूस. गिरणीचा कामगार, पलटणींतला शिपाई, पोलीस, गोदीवरचा हमाल, घरगडी, कारकून, शाळामास्तर अशा नाना रूपांनीं तो घाट चढून किंवा आगबोटींत बसून बाहेर पडला, आणि त्याच्या मजुरीच्या पैशावर मागें राहिलेलें घर जगलें. असें कां व्हावें? जमीन खडकाळ म्हणून, असें उत्तर सहज दिलें जातें. तें खोटें नाहीं. पण तें अर्धेंच उत्तर आहे.

ज्या जिल्ह्याची ही हकीकत आहे तो जुना रत्नागिरी जिल्हा होय. उत्तरेस सावित्रीच्या मुखावरील बाणकोटापासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत तो पसरला होता. दक्षिणेकडील सावंतवाडीचें संस्थान तेवढें १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत निराळें होतें. १ मे १९८१ रोजीं या जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिणेकडील तालुक्यांचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला, आणि रत्नागिरी हें नांव धारण करणाऱ्या उरलेल्या भागाचें क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर राहिलें. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि मध्यें सरासरी साठ-पासष्ट किलोमीटर रुंदीची पट्टी. या पट्टींत सपाट म्हणावी अशी जागा शोधूनच काढावी लागते. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या घाटाखालून निघतात आणि शे-सव्वाशें किलोमीटरांच्या आंतच समुद्रास मिळतात. पाऊस शंभर इंचांहून अधिक. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि तितक्याच घाईनें वाहून जातो. जमिनीच्या वरचा थर जांभ्या दगडाचा. हा दगड घराच्या भिंतीस उत्तम, परंतु पाणी त्याच्या छिद्रांतून निथळून जातें. म्हणून ज्या गांवांत आषाढांत पायवाटेचा ओढा होतो त्याच गांवांत चैत्रांत बायका घागर घेऊन दूरची विहीर गांठतात. घाटावरील कोयनेचें अडविलेलें पाणी १९६० नंतरच्या दशकापासून पोफळीस वीज करून वाशिष्ठींत पडूं लागलें व तेथून समुद्रास मिळूं लागलें. शेजारचे सडे मात्र उन्हाळ्यांत कोरडे ते कोरडेच राहिले.

शेतकऱ्याच्या भाषेंत येथील जमिनीचे मुख्य प्रकार दोन. डोंगरांच्या कुशींत, बांध घालून, माती अडवून केलेलीं खाचरें हीं भाताचीं. आणि उतारावरची वरकस जमीन, जींत नाचणी, वरी, हरीक हीं हलकीं धान्यें आळीपाळीनें घेऊन मग ती कांहीं वर्षें पडीत टाकावी लागते. भाताचा तरवा टाकावयाचा तर आधीं दाढ भाजली पाहिजे. त्यासाठीं झाडांची कवळ तोडावयाची, गवत व शेण पसरावयाचें आणि पावसाच्या आधीं पेटवून द्यावयाचें. उन्हाळ्यांत धुरानें भरलेलीं खोरीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना या शेतीस किती श्रम लागत तें सांगावयास नको. एवढें करूनहि सामान्य कुणब्याच्या घरांत स्वतःचा तांदूळ वर्षभर पुरत नसे. तो सणासुदीस, एरवीं नाचणीची भाकर आणि हरकाचा भात.

समुद्रानें एके काळीं या भागास श्रीमंती दिली होती. दाभोळ हें बहामनी व आदिलशाही काळांतील नामांकित बंदर. घोड्यांचा व्यापार करण्यास आलेला रशियन प्रवासी निकितिन १४७२ च्या सुमारास येथूनच परत निघाला. राजापुरास इंग्रजांनीं १६४९ सालीं वखार घातली, आणि पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरास मदत केल्याबद्दल शिवाजी महाराजांनीं १६६१ सालीं ती लुटून वखारवाल्यांस कैद केलें. पुढें सुवर्णदुर्ग १७५५ सालीं व विजयदुर्ग १७५६ सालीं आंग्र्यांच्या हातून गेला आणि मराठ्यांचें आरमार खचलें. गाळानें खाड्या उथळ झाल्या, मोठीं जहाजें मुंबईस जाऊं लागलीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घाटावर आगगाडी आली ती या जिल्ह्यास वळसा घालून. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास इंग्रजांनीं १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेविलें आणि १९१६ सालीं तो तेथेंच वारला. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांची स्थानबद्धताहि येथलीच. ज्या ठिकाणाहून मनुष्य सहज निसटूं शकत नाहीं असें ठिकाण म्हणून सरकारनें हें गांव निवडलें असावें. आणि त्याच वर्षांत जिल्ह्यांतील लाखों माणसें तेथून निघून जात होतीं.

त्यांना घालविणारें बळ समजण्यासाठीं खोताकडे वळलें पाहिजे.

खोत हा मूळचा सरकारी वसुलाचा मक्तेदार. गांवाचा वसूल हमखास यावा आणि ओसाड जमीन लागवडीस यावी म्हणून आदिलशाही अमलांत असे मक्तेदार गांवोगांव बसले. बापामागून मुलानें मक्ता चालवावा असें होतां होतां तो वंशपरंपरेचा झाला, आणि वसूल गोळा करणारा मनुष्य स्वतःस गांवाचा धनी समजूं लागला. १८१८ सालीं पेशवाई बुडून कोंकण इंग्रजांकडे गेलें. देशावर रयतेशीं परभारें धारा ठरविण्याची पद्धति घालणाऱ्या अधिकाऱ्यांना येथें सरकार आणि शेतकरी यांच्यामध्यें हा तिसरा असामी बसलेला आढळला. त्यास उठवावें तर त्याच्या हातीं जुनी सनद. ठेवावें तर कुळाचा जीव जातो. हा पेंच पुढें सव्वाशें वर्षें सुटला नाहीं.

कुळांच्या परी अनेक होत्या. धारेकरी सर्वांत सुखी. त्यानें ठरलेला धारा भरला कीं त्यावर खोताची सत्ता संपली. इतरांचा हिशेब धान्यांत असे. भाताचा अर्धा वांटा देणारा तो अर्धेली, तिसरा वांटा देणारा तो तिर्धेली. पीक कापणीस येण्यापूर्वीं खोत किंवा त्याचा कारकून शेतावर येऊन उभ्या पिकाचा अंदाज करी. यास अभावणी म्हणत. अंदाज खोताचा, माप खोताचें आणि वहीहि खोताची. अक्षरओळख नसलेल्या कुळानें तक्रार करावयाची ती कोणापुढें? गांवची पोलीस पाटिलकीहि पुष्कळ ठिकाणीं खोताच्याच घरांत असे. शिवाय वेठ होती. आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबावयाचें, त्याच्या घराची शाकारणी करावयाची, त्याची पालखी वाहावयाची. पावसाळ्याच्या तोंडीं घरांत दाणा नसे; मग त्याच खोताकडून भात उसनें आणावयाचें आणि कापणीनंतर दिढीनें परत करावयाचें. अर्धा वांटा देऊन उरलेल्या अर्ध्यांतून हें देणें फिटे, आणि पुढल्या ज्येष्ठांत पुन्हां तोच उंबरठा.

सर्वच खोत धनवान होते असें मात्र समजूं नये. ब्राह्मण खोतांप्रमाणें मराठा व मुसलमान खोतहि होते, आणि भावाभावांत वांटण्या होऊन कित्येक गांवांत एकेका खोताच्या वांट्यास आलेलें उत्पन्न घरखर्चासहि अपुरें पडे. असा खोत कुळावर अधिकच कठोर होई, कारण त्याच्यापाशीं दुसरें साधन नव्हतें. त्याचे मुलगे पुण्या-मुंबईस शिकावयास गेले. कोंकणांतून इतकी विद्वान माणसें कशीं निघालीं याचें कौतुक नेहमीं होतें. त्या विद्येच्या खर्चांत अर्धेलीच्या भाताचा भाग किती होता याची मोजदाद कोणीं केली नाहीं.

सरकारनें १८५० नंतर मोजणी सुरू केली, तीस खोतांनीं निकराचा विरोध केला. मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांच्यासारखा कायदेपंडित त्यांचा कैवारी होता. शेवटीं १८८० सालीं खोती सेटलमेंटचा कायदा झाला. १८४५-४६ सालापासून जो सलग जमीन कसीत आला त्यास कायम कूळ मानावें, असें त्यांत ठरलें. कायदा कुळाच्या बाजूचा दिसतो. पण सलग वहिवाट सिद्ध करावयाची ती कागदानें, आणि वही कोणाच्या घरांत होती तें वर आलेंच आहे.

त्याच १८८० सालीं टपाल खात्यानें मनिऑर्डरीचें काम आपल्या हातीं घेतलें. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध नव्हता. परंतु कोंकणांतल्या कुळाच्या आयुष्यांत त्या लौकरच एकत्र आल्या, कारण खोताचें देणें फेडण्याचा पैसा यापुढें पोस्टमनच्या पिशवींतून येणार होता.

बाहेर जाण्याची वाट प्रथम फौजेनें दाखविली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या पलटणींत दक्षिण कोंकणांतील मराठे व महार मोठ्या संख्येनें भरती होत. दापोलीस इंग्रजांची छावणी होती व पेन्शनर शिपायांची वस्तीहि तेथें होती. या घरांतून मुलें शिकलीं, कारण पलटणींत शिक्षणाची सक्ति असे. १८९० नंतरच्या दशकांत महारांची भरती बंद पडली तेव्हां दापोलीसच राहणाऱ्या गोपाळ बाबा वलंगकर या निवृत्त सैनिकानें त्याविरुद्ध सरकारकडे करावयाचा अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ हेहि निवृत्तीनंतर कांहीं काळ दापोलीस राहिले. त्यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. त्यांच्या धाकट्या मुलाचें नांव पुढें या हकीकतींत येणार आहे.

दुसरी वाट गिरण्यांची. मुंबईंत पहिली कापडाची गिरणी १८५४ सालीं उभी राहिली आणि पंचवीस-तीस वर्षांत परळ-लालबागचा भाग गिरण्यांनीं भरून गेला. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईच्या पावणेआठ लाख वस्तींपैकीं सव्वा लाखाहून अधिक माणसें रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं होतीं. त्या वेळीं खुद्द जिल्ह्याची वस्ती दहा लाखांच्या आंत होती. म्हणजे गांवीं राहिलेल्या दर आठ माणसांमागें एक मनुष्य मुंबईस होता. आणि तो म्हातारा किंवा तान्हें मूल नव्हे, तर नांगर धरण्याच्या वयाचा. १९११ सालीं गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे या एका जिल्ह्याचे होते. आगबोटीचें भाडें गरिबाच्या आवांक्यांत होतें. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत ती चाले. धक्का नाहीं तेथें बोट दूर समुद्रांत उभी राही आणि माणसें, गांठोडीं, करंड्या पडावांतून काठावर येत. पावसाळ्यांत तेंहि बंद. मग घाटांतून पायीं.

मुंबईंतहि त्यानें गांव सोडला नाहीं. एका गांवाचे वीस-पंचवीस पुरुष एका खोलींत राहत. निम्मे दिवसपाळीस गेले कीं निम्मे झोंपत. जेवण खाणावळींत, आणि ती चालविणारी बाईहि बहुधा कोंकणचीच. नोकरी मुकादमाच्या ओळखीनें मिळे आणि ओळख गांवावरून निघे. या मनुष्यास गांवीं चाकरमानी हें नांव पडलें. त्याच्या पत्राची वाट सारी वाडी पाही, आणि पोस्टमन किंवा शाळामास्तर तें वाचून दाखवी. मनिऑर्डर पांच-दहा रुपयांची असे. तींतून खोताचें देणें, वाण्याची उधारी, बाहेरून आलेल्या तांदळाचा भाव आणि एखादें लुगडें एवढें भागावयाचें. मुंबईचा रुपया गांवांत आला खरा. पण बांध दुरुस्त करण्यास किंवा विहीर खोदण्यास तो क्वचितच उरला. दुसऱ्याच्या जमिनींत विहीर खोदून कुळास मिळणार काय? ती खोदली तर वाढलेल्या पिकाचा अर्धा वांटा खोताकडेच जावयाचा.

गिरणी-मालकांस ही व्यवस्था फार सोयीची होती, हें स्पष्ट बोललें पाहिजे. कामगाराची बायको, मुलें, आईबाप यांचें पोट अंशतः गांवच्या नाचणीवर भरत असल्यानें त्यास मुंबईंत एकट्यापुरती मजुरी दिली तरी चाले. तो आजारी पडला, म्हातारा झाला, कामावरून निघाला, तर सांभाळणार गांव. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां मुंबई सोडून लोक याच गांवांकडे धांवले. १९२८ सालचा सहा महिन्यांचा संप चालला त्यांतहि हजारों कामगार गांवीं जाऊन राहिले. ज्या शेतानें त्यांना बाहेर घालविलें होतें त्याच शेतानें तो संप कांहीं अंशीं पोसला.

आणि तें शेत कसीत होतें कोण? बायका. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी हीं तर त्यांचीं कामें होतींच. कवळ तोडणें, बांध घालणें, अभावणीच्या वेळीं खोताच्या कारकुनाशीं बोलणी करणें हेंहि त्यांच्याच गळ्यांत आलें. नांगरापुरता कोणाचा तरी दीर किंवा म्हातारा सासरा. २०११ च्या जनगणनेंत रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया होत्या, आणि पुरुषांहून स्त्रिया अधिक असण्याचा हा प्रकार तेथें पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. सातबाऱ्यावर त्यांचें नांव मात्र नवरा वारल्यावर, तेंहि मुलांच्या नांवांबरोबर, लागे.

खोतीविरुद्धचा लढा उभा राहिला तो जितका गांवांत तितकाच मुंबईंत. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यांत अलिबागेजवळील चरी गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ सालीं संप केला. खोतांचीं शेतें सहा वर्षें पडीक राहिलीं आणि कुळें लांकडें विकून जगलीं. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं, म्हणजे आंबडव्याच्या त्या सुभेदारांच्या धाकट्या मुलानें, मुंबईच्या कायदेमंडळांत खोती रद्द करण्याचें बिल मांडलें. १० जानेवारी १९३८ रोजीं हजारों कुळांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. कोंकणांतलीं माणसें बोटींनीं मुंबईस आलीं होतीं. खुर्चीवर मुख्य प्रधान होते ते बाळ गंगाधर खेर, स्वतः रत्नागिरीस जन्मलेले. बिल त्या वेळीं पास झालें नाहीं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ सालीं, खेरांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत झाला आणि १९५० सालीं अमलांत आला. पुढें कूळकायद्याप्रमाणें १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरून कसणारा जमिनीचा मालक झाला.

परंतु तोंवर तिसरी पिढी मुंबईस जात होती. खोत गेला तरी जांभा दगड होता तेथेंच राहिला; दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यावर मालकी मिळाल्यानें घरचा मुलगा परत येईल अशी आशा करण्यासारखी स्थिति नव्हती. ज्या वेळीं जमीन कसण्यास हात होते त्या वेळीं ती दुसऱ्याची होती, आणि ती आपली झाली तेव्हां हात दूर गेले होते. हा कालविपर्यास कोंकणास फार महाग पडला. १८ जानेवारी १९८२ रोजीं अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हां मागल्या संपांप्रमाणें पुष्कळ चाकरमानी गांवीं येऊन राहिले. या खेपेस परत बोलावणें आलें नाहीं. एकामागून एक गिरण्या मिटल्या.

त्यानंतरचा बदल थोडक्यांत सांगतां येतो. दापोलीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ निघालें. १९९० पासून रोजगार हमी योजनेशीं जोडलेल्या अनुदानानें वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या बागा उठल्या, आणि ज्या उतारावर हरीक पिके तेथें हापूस आला. कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजीं पूर्ण खुली झाली. बागाइतीनें पैसा आणला, पण तो ज्याच्यापाशीं एकत्रित जमीन व थोडें भांडवल होतें त्याच्याकडे; आणि त्या बागांची राखण व छाटणी करावयास माणसें येऊं लागलीं तीं नेपाळांतून. ज्या जिल्ह्यानें दीडशें वर्षें मजूर बाहेर धाडला तोच आतां बाहेरून मजूर आणतो! २००१ सालीं रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. ती २०११ सालीं १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाचीहि त्या दहा वर्षांत घटली.

गणपतीच्या आदल्या आठवड्यांत मुंबईहून गाड्या भरभरून येतात आणि बंद घरांचीं दारें उघडतात. शिमग्यास पालखी नाचवावयासहि माणसें येतात. तेवढ्या दिवसांत भावकी ओटीवर बसून जमिनीचा विषय काढते. सातबाऱ्यावर पणजोबांच्या वारसांचीं वीस-तीस नांवें असतात. कोणी बोरिवलीस, कोणी डोंबिवलीस, कोणाचा पत्ताच नाहीं. खाचर कोणीं लावावें, विकावें कीं ठेवावें, याचा निकाल त्या बैठकींत लागत नाहीं, कारण सर्वांच्या सह्या कधींच एका जागीं जमत नाहींत. विसर्जन झालें कीं मंडळी परत जातात आणि खाचरांत किंजळी-ऐनाचीं रोपें वाढत राहतात.